सरासरी ठीक आहे हो, पण सकाळी सव्वाआठचं काय?

गेले पंधरा दिवस झोपायच्या आधी मी एक पीडीएफ वाचतेय. ३१२ पानं. आमच्या मागच्या मोकळ्या जागेवर जो प्रोजेक्ट येतोय त्याचा परिणाम अहवाल. अकरा टॉवर, तेवीस मजले, अकराशे फ्लॅट, म्हणजे धरून चाला चार हजार माणसं. आणि वाचता वाचता साधारण चाळिसाव्या पानाला माझी ट्यूब पेटली की यात एकच शब्द सारखा येतोय. सरासरी. दर तासाची सरासरी वाहतूक, सरासरी पाणीवापर, वार्षिक सरासरी पाऊस, दिवसाचा सरासरी आवाज. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तेच एक वाक्य, आजूबाजूच्या परिसरावर होणारा परिणाम नगण्य.

आता खरं सांगू का, सरासरीने बघितलं तर तो नगण्यच आहे. रात्री अडीच वाजता आमच्या रस्त्यावर दोन कुत्री आणि एक वॉचमन असतो, तो अडीचचा तासपण त्या सरासरीत धरलेला आहे. पण ऑफिसला मी रात्री अडीचला जात नाही ना. माझं आणि बाकी सगळ्या जगाचं जाणं सकाळी आठ ते नऊमधेच असतं, आंघोळी सगळ्यांच्या त्याच्या आधीच्या तासात असतात, आणि पाऊस वर्षभर थोडा थोडा वाटून पडत नाही, पडतो तेव्हा एकदम कोसळतो. आमची सगळी भांडणं ही त्या एका तासाची आहेत आणि रिपोर्ट बोलतोय उरलेल्या तेवीस तासांबद्दल.

तर मग आम्ही मोजायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी, माझा मुलगा आणि समोरचे काका, ज्यांचं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलंय, त्यांचं पुढे येईलच. एका मंगळवारी पावणेआठ ते पावणेनऊ, गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला लागते त्या कोपऱ्यावर उभे राहिलो. वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, शाळेत करायचो तसं. दर पंधरा मिनिटांनी पान बदलायचं. पहिल्या पंधरा मिनिटांत ७१ वाहनं, मग ११८, मग १६४, आणि शेवटी ९७. एकूण ४५०. रिपोर्टमधे आकडा आहे तासाला सरासरी १९०, आणि गंमत म्हणजे तो आकडा खोटा नाहीये, चोवीस तासांनी भागलं की तेवढाच येणार. त्यामुळे कोणी फसवलं असंही म्हणता येत नाही, आणि तीच तर खरी डोकेदुखी आहे.

पण ते १६४ बघा. सव्वाआठ ते साडेआठ. वाहतूकवाले यालाच महत्त्व देतात असं मला नंतर कळलं, म्हणजे गर्दीच्या तासातसुद्धा सगळ्यात वाईट पंधरा मिनिटं कोणती ते काढतात आणि त्याला चारने गुणून एकूण तासाशी तुलना करतात. आमचं ४५० भागिले ६५६, साधारण ०.६९. हा आकडा जितका १ च्या जवळ तितकी गर्दी तासभर सारखी पसरलेली, आणि जितका कमी तितकी ती एकदम अंगावर येणारी. आमची अंगावर येणारी आहे. ती पंधरा मिनिटं मुलगा वही धरून उभा होता आणि त्याला रेघा मारायला वेळ पुरेना, मधेच म्हणाला आई त्या तीन बाइक मी धरल्या का नाही मला आठवत नाही. नाही धरल्या. त्यामुळे १६७ असतील.

यात आता अकराशे घरं मिसळा. तीन घरांमागे एक गाडी जरी त्या तासात बाहेर पडली तरी साडेतीनशेच्या वर जातं. लोकांना वाटतं साडेतीनशे जास्त गाड्या म्हणजे तेवढ्याच हिशोबाने उशीर वाढेल, दोन मिनिटं कुठे तीन मिनिटं. तसं होत नाही. अमेरिकेच्या रस्ते खात्याचं १९६४ चं एक सूत्र आहे जे आजही वापरतात, त्यात रस्ता किती भरलाय त्याचा चौथा घात घेतात, म्हणजे तो आकडा चार वेळा घेऊन एकमेकांशी गुणतात. म्हणजे रस्ता ८० टक्के भरलेला असेल तर मोकळ्या रस्त्यापेक्षा फक्त ६ टक्के जास्त वेळ लागतो, कोणाला कळतपण नाही. १२० टक्क्यांना ३१ टक्के जास्त. आणि १५० टक्क्यांना ७६ टक्के. आणि हे सरळ रस्त्याचं सूत्र आहे हां, कोपऱ्यावर जिथे एक जण उजवीकडे वळायला थांबतो आणि मागे दहा जण हॉर्न वाजवतात तिथलं गणित याहून वाईट असतं. त्यामुळे आज आमचा रस्ता "चालतोय" याचा अर्थ त्यात जागा आहे असा होत नाही, तो काठावर आलाय एवढाच होतो.

रस्ता रुंद करू हे उत्तर तयार असतंच. अँथनी डाउन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच लिहून ठेवलंय की शहरातले मोठे रस्ते गर्दीच्या वेळी त्यांची क्षमता असेल तितके भरतातच, रुंद केले की ज्यांनी वेळ किंवा वाट बदलली होती ते सगळे परत येतात. आणि मुळात आमची गल्ली रुंद करायची कुठून, दोन्हीकडे कंपाउंड वॉल आहेत.

मला रस्त्यापेक्षा जास्त भीती गल्लीची आहे खरं तर. कारण मोठा रस्ता तुंबला की मॅप लोकांना आतून पाठवतो. सॅन फ्रान्सिस्कोमधे डोनाल्ड अ‍ॅपलयार्डने साठच्या दशकाच्या शेवटी तीन सारख्याच दिसणाऱ्या रस्त्यांवरच्या लोकांशी बोलून एक अभ्यास केला होता, एका रस्त्यावर दिवसाला साधारण २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,००० आणि तिसऱ्यावर १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावरच्या माणसांना त्याच रस्त्यावर मित्र किती तर गजबजलेल्या रस्त्यावरच्यांच्या तिप्पट. (हो, हीपण सरासरीच आहे, माहितीये मला.) गर्दीच्या रस्त्यावरची माणसं पुढच्या खोल्या सोडून मागच्या खोल्यांत राहायला लागली होती. आमच्या गल्लीत संध्याकाळी पोरं अजून मधोमध क्रिकेट खेळतात, गाडी आली की स्टंप म्हणून ठेवलेली वीट पायाने बाजूला सरकवतात आणि परत ठेवतात. ती वीट किती वेळा सरकवावी लागते यावर ती मॅच चालू राहणार की नाही ते ठरतं. याचा कॉलम कुठल्या रिपोर्टमधे असतो मला माहीत नाही.

पाण्याकडे येते. काकांना मी पाण्याचं प्रकरण वाचायला दिलं, त्यांनी चष्मा वर सरकवला, दोन पानं वाचली आणि म्हणाले, "अगं, यात पाणी किती लागणार ते लिहिलंय, प्रेशर कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "काका, टाकीत पाणी पुरेसं आहे असं लिहिलंय की."

"टाकीत आहे ग. टाकीत राहायला जाणारेस का तू?"

मग त्यांनी समजावलं ते असं. पाइप तोच ठेवून त्यातून दुप्पट पाणी न्यायचं ठरवलं तर घर्षणात जाणारं प्रेशर दुप्पट होत नाही, साधारण साडेतीन पटीच्या वर जातं. म्हणजे पाणी आहे, मोटर चालू आहे, मीटरला नोंद आहे, आणि तरी लाइनच्या शेवटच्या घरात नळ सोडला की आधी नुसती हवा फुसफुसते. आम्ही लाइनच्या शेवटच्या घरात आहोत. काका म्हणाले त्यांच्या नोकरीत अर्ध्या तक्रारी अशाच, "पाणी नाही" अशी तक्रार यायची आणि जाऊन बघावं तर पाणी असायचं, जोर नसायचा. आणि लोक मग काय करतात तर लाइनलाच पंप लावतात, एकाने लावला की शेजारच्याचं जातं, मग तोपण लावतो. हे सगळं पहाटे साडेपाच ते साडेसात. दिवसाच्या सरासरीत पाणी भरपूर.

सांडपाण्याचंही तसंच, पण ते बोलायला कोणाला आवडत नाही म्हणून मीटिंगमधे कोणी काढत नाही. १९१८ चं हार्मनचं सूत्र आहे, ड्रेनेजवाले अजून शिकतात, त्यानुसार चार हजार लोकवस्तीचा गर्दीच्या वेळचा प्रवाह सरासरीच्या साधारण ३.३ पट धरायचा. आता नवीन टॉवरवाले म्हणतात आमचा स्वतःचा एसटीपी आहे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आम्ही सगळं शुद्ध करणार. चांगलंय. पण तो बंद पडला त्या दिवशी कुठे जाणार? याचं उत्तर पान २०४ वर एका ओळीत आहे, अस्तित्वात असलेल्या वाहिनीत. अस्तित्वात असलेली वाहिनी म्हणजे आमच्या गेटसमोरचं ते चेंबर ज्याचं झाकण जोरात पाऊस आला की आत्ताच उचललं जातं.

आणि पाऊस. हे गणित मी स्वतः केलं, अगदी सोपं आहे, कोणीही करू शकतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. ती जागा चार हेक्टर, म्हणजे चाळीस हजार चौरस मीटर. तासात ५० मिलिमीटर पडला तर वीस लाख लिटर. आज तिथे माती आहे, गवत आहे, खड्डे आहेत, त्यातलं बरंचसं पाणी तिथेच मुरतं, समजा तीस टक्के वाहून बाहेर आलं तर सहा लाख लिटर. उद्या तिथे छपरं, पार्किंग आणि पेव्हर ब्लॉक येणार, मग ८५ टक्के वाहून येतं, सतरा लाख. तोच पाऊस, तोच तास, पण जवळजवळ तिप्पट पाणी, आणि ते येणार उताराच्या बाजूला. उताराच्या बाजूला कोण आहे ते वेगळं सांगायला नको.

त्यांनी तीन लाख लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी दाखवलीय आणि तिचं कौतुकही बरंच केलंय, की हे पाणी बागेला वापरणार. इथे एक मेख आहे जी मला तिसऱ्यांदा वाचताना कळली. बागेला वापरायची टाकी भरलेली असावी लागते, आणि पूर अडवायची टाकी रिकामी असावी लागते. एकच टाकी दोन्ही कामं करते असं दाखवलं की समजायचं, मोठ्या पावसाच्या दिवशी ती आधीच्या चार दिवसांच्या सरींनी भरून बसलेली असणार. आणि रिकामी असली तरी सतरातले तीन लाख. बाकीचे?

सावलीचं पटकन सांगते. सत्तर मीटर उंच टॉवर, सूर्य ३० अंशावर असताना सावली साधारण १२० मीटर लांब पडते. रिपोर्टमधे सावलीचा नकाशा आहे, छान रंगीत आहे, फक्त तो उन्हाळ्यातल्या दुपारी बाराचा आहे. यावर मी फार तोंड उघडत नाही कारण आमच्या बिल्डिंगला लागून बैठं घर आहे त्यातल्या आजी मला म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा माझं हिवाळ्यातलं ऊन तुम्ही नेलंत, आता ते तुमचं नेतील," आणि हसल्या. काय बोलणार. नवीन लोकांनी येऊच नये असं मला म्हणायचंच नाहीये, लोकांना घरं लागतात, मलाही लागलं होतं. फक्त आजींना तेव्हा कोणी विचारलं नव्हतं हे मला तेव्हा माहीतपण नव्हतं.

बांधकामाची पाच-सहा वर्षं हा वेगळाच विषय आहे. तिथे आवाजाची सरासरी तर भन्नाट असते. समजा पायलिंगचं, म्हणजे पायासाठी जमिनीत खांब घालायचं मशीन एक तास ८५ डेसिबल करतंय आणि उरलेले अकरा तास ५० आहे, तर बारा तासांची सरासरी येते ७४ (डेसिबलची सरासरी साध्या बेरीज-भागाकाराने काढत नाहीत, त्यात मोठ्या आवाजाचं पारडं खूप जड असतं). आणि हा ७४ डेसिबलचा आवाज दिवसभरात कोणी कधी ऐकलेलाच नसतो! ऐकलेला असतो ८५, बाळ झोपलेलं असताना. दोन मजली बेसमेंट खणताना ते जमिनीतलं पाणी सतत उपसणार, त्याने आजूबाजूच्या विहिरी आणि बोअर खाली जातात, आणि माती चिकण असेल तर ती आक्रसून बसते आणि जुन्या भिंती बोलायला लागतात. काकांच्या बाहेरच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून एक चीर आहे, जुनीच आहे. तिच्या दोन्ही टोकांना त्यांनी पेन्सिलने बारीक आडवी रेघ मारून तारीख टाकलीय, आणि मधे दोन्ही बाजूंना पकडून काचेची एक पट्टी चिकटवलीय. भिंत हलली की काच तडकणार. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढलेत. मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणाले नंतर भांडायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ही चीर आधी नव्हती कशावरून. तर ज्यांच्या शेजारी असं काही येतंय त्यांनी हे आत्ता करा, मशीन यायच्या आधी, सगळ्या खोल्यांचे फोटो, तारखेसकट. प्रोजेक्टवाल्यांनी स्वतःच्या खर्चाने आधी शेजारच्या घरांची पाहणी करून द्यावी असंही मागता येतं, आम्ही मागितलं.

सुनावणीला गेलो होतो त्याबद्दल. हॉलमधे खुर्च्या कमी, पंखे आवाज करणारे, आणि पडद्यावर झाडांची चित्रं जी झाडं अजून लावलेलीच नाहीत. पहिली पाऊण तास लोक नुसते ओरडत होते, त्यांचा राग खरा होता पण त्यातलं एक वाक्य कार्यवृत्तात येण्यासारखं नव्हतं. मग माझी पाळी आली. मी वही काढली आणि विचारलं, "तुमच्याकडे सव्वाआठ ते साडेआठचा आकडा आहे का?" रिपोर्ट बनवणाऱ्या कन्सल्टंट कंपनीकडून आलेला मुलगा तरुण होता, चांगला होता बिचारा, त्याने लॅपटॉप खालीवर केला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तासाचा आहे." मी म्हटलं तोच द्या, सगळ्यात गर्दीच्या तासाचा. तर तोही नव्हता, होता तो चोवीस तासांचा. हॉल एकदम शांत झाला. एवढा वेळ आरडाओरडा चालू होता त्याने कोणाला फरक पडला नव्हता.

१९६९ मधे शेरी अर्नस्टाइनने लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात खाली लोकांना नुसतं गुंडाळणं, वर वर गेलं की माहिती देणं, मत विचारणं, पुढे भागीदारी आणि सगळ्यात वर लोकांच्या हातात निर्णय. आमची सुनावणी फार तर तिसरी-चौथी पायरी. मत घेतलं, लिहून घेतलं, पुढे त्याचं काय होणार ते त्यांच्या मनावर. युरोपातल्या देशांनी १९९८ मधे आरहूस करार केला त्यात सरळ म्हटलंय की लोकांना सुरुवातीलाच विचारा, सगळे पर्याय खुले असतानाच. आमच्याकडे पर्याय किती खुले होते तर सॅम्पल फ्लॅट तयार होता, त्यात सोफा होता.

त्यामुळे थांबवा, रद्द करा हे मागून काही होईल असं मला वाटत नाही, आणि मी ते मागतही नाहीये. आमच्यात यावरून वाद झाले, दोन जणांनी ग्रुप सोडला. माझं म्हणणं एवढंच की क्रम बदला. आधी पाइप, मग माणसं. ब्रिटनमधे याला ग्रॅम्पियन अट म्हणतात, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनजवळच्या एका प्रकल्पाच्या केसवरून ऐंशीच्या दशकात हे नाव पडलं. प्रकल्पाच्या जागेबाहेरचं अमुक काम पुरं झाल्याशिवाय बांधकाम सुरू करायचं नाही, किंवा लोकांनी राहायला यायचं नाही, अशी अट परवानगीतच घालतात. "आम्ही रस्ता करून देऊ" आणि "रस्ता झाल्याशिवाय चावी मिळणार नाही" यात काय फरक आहे ते कोणाला समजावून सांगायची गरज नाही. पहिल्यात आम्ही त्यांच्या मागे फिरतो, दुसऱ्यात फ्लॅट घेणारे त्यांच्या मागे फिरतात, आणि ते आमच्यापेक्षा जास्त जोरात फिरतात.

आम्ही सहा अटी लिहून दिल्या. काकांनी पाण्याची लिहिली, ती सगळ्यात छोटी आणि सगळ्यात पक्की झाली: लाइनच्या शेवटच्या नळाला सकाळी सहा ते सात किती प्रेशर आहे ते आत्ता मोजायचं, नोंदवायचं, आणि दुसऱ्या टप्प्याच्या चाव्या द्यायच्या आधी परत मोजायचं, कमी भरलं तर नवीन लाइन पडेपर्यंत चाव्या नाहीत. परवा उत्तर आलं. ही एक मान्य केलीय. टाकी दोन वेगळ्या करायची "विचाराधीन" आहे. शेजारच्या घरांची पाहणी मान्य, पण फक्त कंपाउंडपासून पंधरा मीटरपर्यंतची, काकांची भिंत सतरा मीटरवर आहे. आम्ही टेप घेऊन मोजून आलो. ते परत लिहितोय.

आणि वाहतुकीचं, त्यांनी गर्दीच्या वेळचं मोजमाप नव्याने करायचं कबूल केलंय, पुढच्या मंगळवारी कॅमेरा लावणार आहेत. त्याच वेळी आम्हीपण मोजणार, दोन्ही आकडे जुळतायत का बघायला. पावणेआठ ते पावणेनऊ. यावेळी बाइक वेगळ्या मोजायच्यात म्हणून चार माणसं लागतील, तीन झालीत, डाव्या कोपऱ्यावर कोणी नाहीये. ज्याला जमेल त्याने मला कळवा, वही मी आणते.